कोंबडी-पाव, पेपर, तेल आणि फुकटचं म्युझियम: एमन कार्टरला दानशूर म्हणावं का?

मु_पो_फ्रिस्को
नमस्कार मंडळी. बाबा मिरजेहून तीन महिन्यांसाठी आलेत. मॉल बघून झाले, देऊळ झालं, कॉस्टको दोनदा झालं. म्हणून शनिवारी त्यांना टेक्सासातल्याच फोर्ट वर्थ शहरात अमॉन कार्टर म्युझियमला नेलं. दारातच त्यांनी सवयीने पाकीट काढलं. तिकीट नाही म्हटल्यावर म्हणाले, "फुकट? मग आत काहीतरी गळ्यात मारणार." आत कुणी काही गळ्यात मारलं नाही. रेमिंग्टन या अमेरिकी चित्रकार-शिल्पकाराचा, उधळलेल्या घोड्यावरच्या स्वाराचा ब्राँझचा पुतळा आहे, त्याच्यासमोर बाबा वीस मिनिटं उभे होते. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. "घोड्याच्या मानेची शीर बघ," एवढंच बोलले.

परतीच्या वाटेवर त्यांनी विचारलं, हा कार्टर कोण? मला धड सांगता येईना. घरी येऊन वाचत बसलो आणि रात्रीचा एक वाजला. थोडक्यात सांगतो.

जन्म १८७९, टेक्सासातल्या क्राफ्टन नावाच्या खेड्यात, लाकडाच्या ओंडक्यांच्या घरात. १८९२ मध्ये आई गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं, पोरगं घर सोडून बोवी गावात आलं. तिथे रेल्वे थांबायची. गाडीतल्या उतारूंना कोंबडी घातलेला पाव विकणारी पोरं होती, त्यांतला हा एक. कोंबडी कमी पडली की पावात ससा जायचा असं गावात अजून हसत सांगतात. पुढे फोटो मोठे करून देणाऱ्या कंपनीचा फिरता विक्रेता, मग जाहिराती विकणारा. १९०५ मध्ये फोर्ट वर्थला आला. १ फेब्रुवारी १९०६ ला 'फोर्ट वर्थ स्टार' निघाला, त्याचा जाहिरात व्यवस्थापक. पेपर तोट्यात. तर या तोट्यातल्या पेपराने १९०९ मध्ये प्रतिस्पर्धी 'टेलिग्राम'च गिळला, आणि 'स्टार-टेलिग्राम' जन्माला आला. १९२३ पासून कार्टर त्याचा अध्यक्ष आणि प्रकाशक. नंतर तेलात पैसा घातला, नव्वदेक विहिरी कोरड्या गेल्या, मग लागलं. १९४७ मध्ये वॉसन तेलक्षेत्रातला हिस्सा शेल कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलरला विकला. त्यातला मोठा वाटा १९४५ मध्ये काढलेल्या कार्टर फाउंडेशनला. १९५५ मध्ये वारला. म्युझियम मृत्युपत्राप्रमाणे १९६१ मध्ये उघडलं.

प्रश्न असा. या माणसाचं जवळपास सगळं दान फोर्ट वर्थ आणि पश्चिम टेक्सासपुरतं. शहर वाढलं की पेपर वाढणार, पेपर वाढला की हा वाढणार. याला दान म्हणायचं की स्वतःच्या दुकानासमोरचा रस्ता झाडणं?

शुद्धलेखन_पोलीस
उच्चार 'एमन' असा आहे. 'अमॉन' नव्हे. बाकी छान.

सूरसंगत
म्हणजे यमन कार्टर. तीव्र मध्यम लागेपर्यंत नव्वद विहिरी कोरड्या.

मु_पो_फ्रिस्को
शीर्षकात दुरुस्त केलं. मजकूर आता संपादित होत नाहीये, गोड मानून घ्या.

कट्ट्यावरचा_कावळा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. ससा असेल तरी चालेल.

सदाशिव३०
दुकानासमोरचा रस्ता झाडणं हे आमच्या पेठेत दानच समजतात. बहुतेक लोक तेही करत नाहीत.

डॅलसची_माहेरवाशीण
मी डॅलसमध्ये एकवीस वर्षं आहे, त्यामुळे या गृहस्थाबद्दल माझं मत पूर्वग्रहदूषित आहे, आधीच सांगते. फोर्ट वर्थच्या शेजारच्या या शहरावर याचा एवढा राग की तिकडे कामाला जाताना घरून डबा घेऊन जायचा. का, तर डॅलसच्या हॉटेलात फोर्ट वर्थचा एक पैसा पडायला नको!

आणि हे नुसतं डब्यावर थांबलं नाही. दोन्ही शहरांच्या मध्ये एकच विमानतळ करायचा बेत दुसऱ्या महायुद्धात ठरत आला होता. १९४३ मध्ये फिसकटला. का? टर्मिनलचं तोंड कुणाकडे असावं यावरून! फोर्ट वर्थकडे तोंड म्हणजे डॅलसकडे पाठ, ते डॅलसला कसं चालणार. मग यांनी १९५३ मध्ये स्वतःचा वेगळा विमानतळ उघडला, 'एमन कार्टर फील्ड'. डॅलस आपल्या लव्ह फील्ड विमानतळाला चिकटून बसलं आणि कार्टर फील्ड ओस पडत गेलं. शेवटी १९६४ मध्ये केंद्राच्या विमान वाहतूक मंडळाने दोघांचे कान धरले, की एक जागा ठरवा, नाहीतर आम्ही ठरवतो. तेव्हा कुठे १९७४ मध्ये आपलं डीएफडब्ल्यू सुरू झालं. आईबाबांना आणायला आपण जिथे चकरा मारतो ते.

सदाशिव३०
डबा नेणे = पुणेकर मुंबईला जाताना करतो तेच. तेल आम्हाला लागलं नाही एवढाच फरक.

गिरगाव_जुनं
सदाशिवराव, तुम्ही डबा काटकसरीपायी नेता. कार्टर द्वेषापायी न्यायचा. दोन्हींत श्रेष्ठ कोण ते तुम्हीच ठरवा.

सदाशिव३०
द्वेष जास्त टिकाऊ. काटकसरीचा डबा दुपारी संपतो. (ह. घ्या.)

रिगवरचा_रम्या
धाग्यात तेल आलं म्हणून इतक्या वर्षांत पहिल्यांदा लिहितोय. मी आधी मुंबई हायवर होतो, आता मिडलंडला. वॉसन क्षेत्र आमच्याकडून गाडीने दीड-दोन तासांवर, योकम आणि गेन्स काउंटीत. डेन्व्हर सिटी नावाचं गाव त्या तेलावरच वसलंय. कोलोरॅडोचं डेन्व्हर ते हे नव्हे, पाहुणे फसतात.

नव्वद कोरड्या विहिरी हा आकडा ऐकून लोक हसतात. पण त्या काळी विहीर घेणं म्हणजे काय ते समजून घ्या. आधी जमिनीखालच्या तेलाचा हक्क भाडेपट्ट्याने घ्यायचा. अमेरिकेत जमीन ज्याची, खालचं तेलही बहुतेक वेळा त्याचंच. हा हक्क जमिनीपासून तोडून वेगळा विकताही येतो. शेतकऱ्याला पूर्वापार आठव्या हिश्शाची रॉयल्टी, बाकी सात हिस्से खोदणाऱ्याचे, पण खर्चही सगळा त्याचा. म्हणून एकटा माणूस क्वचितच पूर्ण विहीर घ्यायचा. तुझे दोन आणे, माझे चार आणे, असं वाटून घ्यायचे. कार्टरसारख्या पेपरवाल्याला तेलातलं ओ का ठो कळायची गरज नव्हती. कोण कुठे खोदतोय आणि कुणाला पैशाची निकड आहे एवढं कळलं की झालं. आणि ते पेपरवाल्याइतकं कुणाला कळणार? १९१७ मध्ये रेंजर गावात तेल लागलं तेव्हापासून फोर्ट वर्थच्या हॉटेलांच्या लॉबीत भाडेपट्टे भाजीसारखे विकले जात होते.

आपल्याकडे खालचं तेल सरकारचं. तुमच्या उसात तेल लागलं तर तुम्हाला पिकाची आणि जमिनीची भरपाई मिळेल, पण तुम्ही टेक्सासचे शेख होणार नाही.

एक चित्र सांगतो. संध्याकाळी त्या सपाट माळावर तेल उपसणारे शेकडो पंपजॅक एकाच वेळी मान खालीवर करत असतात. माझी आई पहिल्यांदा बघून म्हणाली, "गुबुगुबु नंदीबैलच की रे हे सगळे!" तेव्हापासून आमच्या घरात पंपजॅकला नंदीबैल म्हणतात. पाऊस पडेल का विचारलं तरी हो म्हणतात.

वरुडची_संत्री
हे लय भारी भाऊ. नंदीबैल!! 😂

कट्ट्यावरचा_कावळा
रम्याभाऊ, वॉसनमध्ये अजून तेल आहे का? की शेलला टोपी घातली कार्टरने?

रिगवरचा_रम्या
उलट! शेलने स्वस्तात घेतलं म्हणेन. तिथलं तेल साधारण पाच हजार फुटांवर, डोलोमाइट खडकात. नुसतं उपसून जेमतेम काही हिस्सा येतो. मग पाणी सोडून ढकलतात. तेही थकलं तेव्हा १९८० च्या दशकात तिथे कार्बन डायऑक्साइड सोडायला सुरुवात झाली. वायू पाइपलाइनने लांबून आणतात. दाबाखाली तो तेलात मिसळतो, तेल फुगतं, पातळ होतं, खडकाच्या बारीक भोकांतून सुटतं. कढईला चिकटलेलं तूप गरम पाण्याने सोडवतो तसं समजा, फक्त इथे काम उष्णतेचं नाही, मिसळण्याचं आहे. जगातल्या मोठ्या प्रयोगांपैकी एक, आणि अजून चालू. कार्टर जाऊन सत्तर वर्षं झाली, नंदीबैल माना हलवतायत.

प्रूफरीडर_निवृत्त
मूळ मुद्द्याकडे येतो, कारण सगळे तेलात बुडाले आहेत.

मी पस्तीस वर्षं मराठी दैनिकांत मुद्रितशोधन केलं. गावाचं आणि पेपराचं नाव सांगत नाही. एका मालकाने साखर कारखान्यात पैसे गुंतवले. संपादकांना कुणी काही सांगितलं नाही, लेखी तर नाहीच नाही. पण ऊसदराच्या आंदोलनाची बातमी जी आधी पहिल्या पानावर तीन कॉलमी यायची, ती पाच नंबरच्या पानावर आली. मग सिंगल कॉलम. एके रात्री माझ्या टेबलावर त्या बातमीचं प्रूफ आलं, आठ ओळींचं. त्यावर लाल पेनाने चार ओळी काटलेल्या. अक्षर कुणाचं ते मला ओळखू आलं. मी फक्त 'आंदोलक' मधला सुटलेला अनुस्वार दिला आणि पुढे पाठवलं.

म्हणून म्हणतो, कार्टरने दान किती केलं हा प्रश्न दुसरा. पेपर त्याचा. १९२२ पासून रेडिओ केंद्र त्याचं. १९२५ मध्ये हर्स्टसारख्या पेपरांच्या धंद्यातल्या बड्या धेंडाकडून त्याचा फोर्ट वर्थचा 'रेकॉर्ड' विकत घेतला. १९४८ मध्ये टेक्सासातलं पहिलं टीव्ही केंद्रही त्याचंच. आणि खिशात तेल. तेल उत्पादकांना १९२६ पासून एकूण उत्पन्नाच्या साडेसत्तावीस टक्क्यांवर करसवलत होती, वर्षानुवर्षं. त्या सवलतीविरुद्ध फोर्ट वर्थमध्ये कुणी कुठे लिहायचं? कोणत्या कागदावर?

सदाशिव३०
प्रूफरीडरकाका, अनुस्वाराचं वाक्य लागलं.

माळरान
काकांशी निम्मा सहमत. पण पश्चिम टेक्सासातल्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. हा पेपर रेल्वेने, मोटारीने, मिळेल त्या वाहनाने दूरदूरच्या गुरांच्या वाड्यांवर जायचा. मधे कोसच्या कोस काही नाही. बाजारभाव, पावसाची बातमी, कुणाचा बैल हरवला, सगळं त्यातच. आमच्या माण तालुक्यात एसटीच्या टपावरून पेपराचा गठ्ठा यायचा, तो फेकल्याचा आवाज मला अजून आठवतो. आजोबा चष्मा पुसत बसलेले असायचे. ज्याने तो गठ्ठा तिथवर पोचवला त्याला मी सहजासहजी नावं ठेवणार नाही. टेक्सास टेक विद्यापीठ लबकला व्हावं म्हणून याच पेपराने रान उठवलं होतं, आणि १९२३ मध्ये विद्यापीठाच्या संचालक मंडळाचा पहिला अध्यक्ष कार्टरच.

नीलकंठी
माळरान, त्या विद्यापीठात काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला १९६१ मध्ये. अडतीस वर्षांनी. 'पश्चिम टेक्सासच्या पोरांसाठी' म्हणताना कुणाची पोरं हे विचारायला हवं. एकट्या कार्टरचा दोष म्हणत नाही, तेव्हाचा कायदाच तसा होता. पण ज्याच्या शब्दावर वॉशिंग्टन हलायचं त्याने यासाठी तो शब्द टाकल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

माळरान
हे मान्य. याला उत्तर नाही माझ्याकडे.

डॅलसची_माहेरवाशीण
वॉशिंग्टनवरून आठवलं. रूझवेल्टचा उपाध्यक्ष गार्नर, स्वतः टेक्सासचाच, वैतागून म्हणाला होता की या माणसाला अख्खं अमेरिकन सरकार फक्त फोर्ट वर्थच्या फायद्यासाठी चालवायचंय, आणि जमलं तर डॅलसच्या तोट्यासाठी. आमचं एवढंच म्हणणं आहे.

एफ३५_चा_शेजारी
अवांतर: युद्धात १९४२ पासून फोर्ट वर्थमध्ये बी-२४ बाँबर बनवणारा कारखाना आला, त्यामागे कार्टरची खटपट होतीच. मैलभर लांबीची इमारत. तिथेच पुढे एफ-१६ झाली, आता एफ-३५ होतात. माझ्या घरावरून जातात. ऑनलाइन मीटिंगमध्ये मी दर वीस मिनिटांनी 'सॉरी, प्लेन' म्हणतो, त्याचं श्रेय आता कार्टरला.

वास्तू_शिल्पा
म्युझियमच्या इमारतीबद्दल कुणीच बोललं नाही! फिलिप जॉन्सनची आहे. समोर पाच कमानी, आणि दगड टेक्सासचाच, शिंपल्यांचे ठसे असलेला. हात लावून बघा, बोटाला खड्डे लागतात. कमानींखाली उभं राहिलं की समोर थेट शहराच्या मध्यवस्तीच्या इमारती दिसतात. म्हणजे मेल्यावरही नजर फोर्ट वर्थवरच. 😀

आणि मु_पो, रस्ता ओलांडून किम्बेल म्युझियमला गेलात की नाही? ते लुई कानचं आहे, आपल्या आयआयएम अहमदाबादवाले. १९७२. कॉलेजात असताना अहमदाबादच्या विटांच्या गोल खिडक्यांत बसून स्केच केलेली मी, किम्बेलच्या छतावरून घरंगळणारा तो चंदेरी उजेड बघून अक्षरशः गप्प झाले. बाबांना न्या. त्याशेजारी तादाओ आंदोचं मॉडर्न आर्ट म्युझियम. चालत जाण्याच्या अंतरात तीन, एवढं श्रीमंत आवार मी दुसरं पाहिलं नाही.

मु_पो_फ्रिस्को
शिल्पाताई, नाही गेलो. बाबांचे गुडघे आणि घोड्याची मान यांत वेळ संपला. पुढच्या वेळी नक्की.

इतिहासाचं_वेड
इथे कार्टरच्या मुलीची गोष्ट सांगायलाच हवी, म्युझियम प्रत्यक्षात उभं केलं ते तिने, रूथ कार्टर.

२१ नोव्हेंबर १९६३. राष्ट्राध्यक्ष केनेडी पतिपत्नी रात्री फोर्ट वर्थच्या हॉटेल टेक्सासमध्ये उतरणार. खोली क्रमांक ८५०, साधीच. हॉटेलातल्या सगळ्यात महागड्या खोलीत दुसऱ्यांची सोय झालेली. तर गावातल्या काही कलाप्रेमींनी घरोघरच्या आणि म्युझियममधल्या खऱ्या कलाकृती आणून ती खोली सजवली. मोने, व्हॅन गॉफ, पिकासो. छोटी माहितीपुस्तिकाही छापली. केनेडी रात्री उशिरा आले, थकलेले, लक्षच गेलं नाही. सकाळी कळलं. तेव्हा पुस्तिकेतलं पहिलं नाव बघून त्यांनी फोन लावला, तो रूथला. ती आजारी पोराजवळ घरीच होती. दोघांनी आभार मानले. मग निघाले, डॅलसला.

डॅलसची_माहेरवाशीण
हे मला माहीत नव्हतं. अंगावर काटा आला.

गिरगाव_जुनं
डबा नेण्याचा सल्ला त्या दिवशी कुणी दिला असता तर… जाऊ दे, हा विनोद करत नाही.

पाहुणचार
वातावरण हलकं करतो. कार्टरचं तळ्याकाठी शेडी ओक नावाचं शेतघर होतं. येईल त्या बड्या पाहुण्याच्या डोक्यावर स्टेटसन ही काउबॉय हॅट घालायचा. आपल्याकडे सत्काराला फेटा बांधतात अगदी तसं, फक्त इथे फेटा सोडून परत द्यावा लागत नाही. प्रत्येक हॅट म्हणजे फोर्ट वर्थची फिरती जाहिरात. विल रॉजर्स हा विनोदवीर त्याचा जिगरी दोस्त. तो १९३५ मध्ये अलास्कात विमान अपघातात गेला. कार्टरने त्याच्या नावाने फोर्ट वर्थमध्ये सभागृह उभं करवलं आणि त्याचा घोड्यावरचा पुतळा घडवून घेतला. अनावरण १९४७ मध्ये, कुणाच्या हस्ते? आयझेनहॉवर.

आणि रेमिंग्टन-रसेल या चित्रकारांची चित्रं गोळा करण्याचा नादही त्याला रॉजर्समुळेच लागला.

प्रूफरीडर_निवृत्त
हॅट कुणाच्या पैशाने हा प्रश्न मी विचारत नाही. वय झालं.

कोल्हापुरी_ठसका
काका तुमी विचाराच. त्याशिवाय धाग्याला चव न्हाई.

रिगवरचा_रम्या
एक गंमत लक्षात आली. १९७४ मध्ये डीएफडब्ल्यू उघडलं. त्याच साली कार्टर कुटुंबाने 'स्टार-टेलिग्राम' कॅपिटल सिटीज कंपनीला विकला. आणि त्याच साली फेब्रुवारीत 'सागर सम्राट' या खोदकामाच्या जहाजाने मुंबई हायला तेल काढलं. तिन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. तरी सांगावंसं वाटलं.

शुद्धलेखन_पोलीस
संबंध नसताना सांगणे यालाच धागा म्हणतात.

नीलकंठी
मु_पो, तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर: दान होतं, पण मालकी सोडली नव्हती. स्टेडियमवर नाव, विमानतळावर नाव, म्युझियमवर नाव. बिग बेंड राष्ट्रीय उद्यानाची कागदपत्रं १९४४ मध्ये रूझवेल्टच्या हातात द्यायलाही हाच. जमिनीचे बहुतेक पैसे मात्र राज्याच्या तिजोरीतले.

माळरान
उद्यानाला मात्र त्याचं नाव नाही हां. आणि म्युझियमचं दार आज साठ वर्षांहून जास्त काळ फुकट उघडं आहे. मृत्युपत्रात तिथल्या तरुण पोरांच्या कल्पनाशक्तीला चालना मिळावी असं लिहून ठेवलंय. बाराव्या-तेराव्या वर्षी फलाटावर पाव विकणाऱ्याने हे लिहावं, यात मला जाहिरात दिसत नाही.

मु_पो_फ्रिस्को
सगळ्यांचे आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. रात्री जेवताना हा धागा बाबांना वाचून दाखवला. प्रूफरीडरकाकांच्या अनुस्वाराशी ते जेवायचे थांबले. त्यांची स्वतःची भांड्यांची दुकानदारी होती चाळीस वर्षं, मिरजेत. त्यांचं उत्तर जसंच्या तसं देतो:

"गिऱ्हाईक करायची विद्या होती त्याच्याकडे. पाव विकला, फोटो विकले, जाहिरात विकली, शेवटी गाव विकायला काढलं. चांगल्या दुकानदाराला आपला माल खरंच आवडायला लागतो, मग तो कुणाला फुकटही देतो. ससा घातला असेल पावात. घोड्यात नाही घातला."

त्यानंतर त्यांनी दही मागितलं आणि विषय संपला. पुढच्या आठवड्यात डॅलसला, केनेडींवर जिथून गोळ्या झाडल्या गेल्या त्या सहाव्या मजल्याचं म्युझियम बघायला जायचंय. आई आत्ता विचारत होती, पोळी-भाजी बांधून घ्यायची का.

डॅलसची_माहेरवाशीण
मु_पो, डबा आणलात तर घरात घेणार नाही! आमच्याकडे जेवायला या. बाबांना म्हणावं, मिरजेची भांडी अजून वापरात आहेत माझ्याकडे.

सदाशिव३०
पन्नास किलोमीटरच्या द्वेषाचा शेवट वरणभाताने. टर्मिनलचं तोंड कुणाकडे ते बघून बसा.

वरुडची_संत्री
मी पुढच्या महिन्यात लेकीकडे येतेय, अर्लिंग्टनला. सोमवारी जावई मोकळे असतात, तेव्हा हे म्युझियम पाहून घेईन म्हणते.

वास्तू_शिल्पा
ताई, सोमवारी बंद असतं.